दोघं म्हातारे, एक देशी कुत्री आणि कॅम्पर: निघण्याआधी काय करायचं, वाटेत काय टाळायचं

आम्ही दोघं निवृत्त. मी पोस्टातून, हे पाटबंधारे खात्यातून. तिसरी ठकी: देशी, वय साधारण चार, वजन सोळा किलो. गेल्या दिवाळीनंतर आम्ही साताऱ्याहून कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-शिजवायची सोय असलेली गाडी, घेऊन निघालो. आंबोली, मालवण, गोवा, गोकर्ण, उडुपी, कण्णूर, वायनाड, म्हैसूर, हंपी, बदामी, विजयपूर, सोलापूर असं फिरून घरी आलो तेव्हा बासष्ट दिवस आणि सव्वीसशे किलोमीटर झाले होते. तेव्हापासून "आम्हालाही जायचंय, काय काय लागतं?" असे फोन येतात आणि एकेक फोन तासभर चालतो. म्हणून एकदाच लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते. या प्रवासाचं वेळापत्रक कुत्रा ठरवतो. हे पटत नसेल तर त्याला मुलाकडे ठेवून जा, तुम्हीही सुखी राहाल आणि तोही.

१. नकाशा नंतर, आधी कुत्र्याला गाडीची सवय

लहानपणापासून घरात वाढलेला कुत्रा आणि दत्तक घेतलेला कुत्रा यांत फरक असतो. दत्तक कुत्र्याला आधीचं आयुष्य असतं आणि ते आपल्याला माहीत नसतं. ठकीचं थोडं माहीत होतं. ती खंबाटकी घाटाखाली एका चहाच्या टपरीशी सापडली. टपरीवाला म्हणाला, "गाडी थांबली, दार सरकलं, हिला खाली सोडलं, दार लागलं, गाडी गेली." आमच्या कॅम्परचं दारही सरकतं. पहिल्या दिवशी ते 'खर्रर्र' करून उघडलं आणि ठकी जागच्या जागी बसली ती उठेचना. पाय थरथरत होते.

मग पाच आठवडे आम्ही एवढंच केलं. पहिला आठवडा गाडी बंद, दार उघडं, जेवणाची ताटली पायरीशी. दुसऱ्या आठवड्यात ताटली आत, आम्ही बाहेर. तिसऱ्या आठवड्यात ती जेवत असताना दार वीतभर सरकवायचं आणि थांबायचं. ह्यांनी दाराच्या रुळात ग्रीस भरलं, जिथे दार आपटतं तिथे रबराची पट्टी चिकटवली. निम्मी भीती त्या आवाजाची होती, ती गेली. चौथ्या आठवड्यात इंजिन चालू, गाडी जागेवरच. पाचव्यात यवतेश्वरपर्यंत जाऊन परत. प्रत्येक वेळी परत घरी यायचंच. गाडीत बसलं की घरी परत येतो, हे तिला कळणं सगळ्यात महत्त्वाचं होतं.

शेवटी एक रात्र सोसायटीच्या पार्किंगमध्येच गाडीत झोपलो. खालच्या मजल्यावरच्या जोशीवहिनींनी घरात भांडण झालंय का म्हणून हळूच चौकशी केली. पण त्या एका रात्रीत कळलं की पंख्याचा वारा ठकीपर्यंत पोचत नाही आणि पाण्याचा नळ गळतो. ही रात्र टाळू नका.

२. गाडी: भाड्याची की स्वतःची?

पहिल्यांदा जात असाल तर चार दिवस भाड्याने घेऊन बघा. कुत्रा चालतो का, हे लेखी घ्या. फोनवर "हो हो, चालतंय" म्हणणारे परत देताना सीटवरच्या केसांचे पैसे लावतात. नंबरप्लेट बघा. भाड्याची चालकासह गाडी पिवळ्या पाटीची असते, स्वतः चालवायची भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही. कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. अपघात झाला तर विम्याच्या वेळी तुम्ही एकटे पडता.

स्वतःची घ्यायची असेल तर सापळा इथे आहे: जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घ्यायची, सीट काढायच्या, पलंग-ओटा करून घ्यायचा. फॅब्रिकेटर म्हणतो, "काही होत नाही काकू, सगळे असंच करतात." होतं. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही आणि तो आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदवावा लागतो. आरसीवर 'कॅम्पर व्हॅन' असा वेगळा वर्ग असतो. आम्ही तशी नोंद आधीच झालेली जुनी गाडी घेतली, थोडे पैसे जास्त गेले, पण खेटे वाचले.

गाडीची उंची टेपने मोजा, छतावरच्या सामानासकट, आणि आकडा चालकासमोर काचेवर चिकटवा. रेल्वेखालच्या बोगद्यांपुढे उंचीची आडवी कमान असते, आणि कोकणात फणसाच्या फांद्या असतात. फांदीवर आकडा लिहिलेला नसतो.

३. कागद

आमची एक प्लास्टिकची फाईल होती, डॅशबोर्डच्या कप्प्यात. त्यात हे:

- आरसी, विमा, पीयूसी (मोबाईलमध्ये डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरही ठेवा, ते चालतं)
- दोघांचे वाहन परवाने
- ठकीचं लसीकरणाचं पुस्तक, रेबीजच्या लशीचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र, महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा परवाना असेल तर तो
- ठकीचे दोन फोटो, एक आमच्यासोबतचा
- दोघांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, औषधाच्या मूळ नावासकट, कारण कंपनीचं नाव प्रत्येक गावात बदलतं

परवान्याची तारीख आजच बघा. पंचावन्न वर्षांनंतर काढलेला किंवा नूतनीकरण केलेला परवाना पाचच वर्षांसाठी मिळतो. मुदत संपायच्या आधी एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो, आणि चाळिशीनंतर डॉक्टरचा वैद्यकीय दाखला, म्हणजे फॉर्म १-ए, लागतो. मुदत संपल्यावर महिनाभर चालायचं तसं आता चालत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती सवलत गेली. ह्यांचा परवाना प्रवासाच्या मधेच, डिसेंबरात संपत होता. मी पाहिलं म्हणून कळलं. ह्यांना अजूनही वाटतं की त्यांच्या लक्षात होतंच.

नोव्हेंबरात निघणाऱ्या पेन्शनरांनी हयातीचा दाखला विसरू नये. आता बँकेत जावं लागत नाही. जीवन प्रमाण ॲपमध्ये मोबाईलसमोर चेहरा धरून होतो. ऐंशीच्या पुढच्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आम्ही दोघांनी गोकर्णात गाडीच्या पायरीवर बसून दिला. सूर्याकडे तोंड करून बसा, गाडीच्या आत अंधारात ॲप चेहरा घेत नाही.

फास्टॅग गाडीच्या वर्गाशी जुळतो ना, ते बघा. मोठ्या गाडीला कारचा टॅग लावला तर टोलनाक्यावर वाद होतो. ऑगस्ट २०२५ पासून मिळणारा फास्टॅगचा वार्षिक पास खाजगी कार-जीप-व्हॅनसाठीच आहे, आणि तोही राष्ट्रीय महामार्गांवर. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर त्याचा उपयोग नाही.

४. पशुवैद्याकडे, निघण्याआधी महिनाभर

आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही, लशींना वेळ लागतो. रेबीज आणि लेप्टोसह (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) बाकीच्या लशी चालू आहेत ना, बघा. कोकण-केरळात लेप्टोकडे दुर्लक्ष नको.

खरी भीती गोचिडीची. बाहेर गवतात, गोठ्याशेजारी, धाब्याच्या मागे गोचीड असतेच, आणि तिच्यातून येणारा ताप कुत्र्याला आडवं करतो. डॉक्टरांनी आम्हाला फ्लुरालेनरची गोळी दिली, तिचा असर साधारण बारा आठवडे राहतो. फिट येणाऱ्या कुत्र्याला ती चालतेच असं नाही, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका. गोळी दिली तरी रोज रात्री हात फिरवून बघायचं: कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, काखेत.

गाडी लागत असेल तर उलटीचं औषधही विचारून घ्या. आणि आपली डोकेदुखीची गोळी अर्धी करून कुत्र्याला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही त्यांच्यासाठी विषं आहेत. कांदाही वाईट. धाब्यावरचा प्रेमळ माणूस रस्सा-भाकरी घालायला येतो, त्याला हात जोडून नाही म्हणायला शिका.

१९६२ हा नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा. तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. मुख्यतः गुराढोरांसाठी असला तरी जवळचा दवाखाना कुठे, हे तिथे कळतं.

५. गाडीत काय न्यायचं

पाणी: सोळा किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण एक लिटर, उन्हात जास्त. तिची बाटली वेगळी ठेवा. जागा बदलली की पाण्याची चव बदलते, मग ती पीत नाही. थोडं ताक घातलं की पिते.

गॅस: घरचा मोठा सिलिंडर गाडीत नको. पाच किलोचा 'छोटू' घ्या, तो ओळखपत्रावर मिळतो आणि पत्त्याचा पुरावा लागत नाही. रात्री नुसतं बटण बंद करून भागवायचं नाही, रेग्युलेटरच काढून ठेवायचा. हे काम माझ्याकडे होतं, कारण विसरायचं काम ह्यांच्याकडे आहे.

वीज: १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरायची असं धरा. बारा व्होल्टचा छोटा पंखा दोन अँपिअर घेतो, म्हणजे रात्रभरात वीस गेले. फ्रीज चालवला तर हिशेब संपला. आम्ही फ्रीज नेलाच नाही. ठकीसाठी भात, अंडं, लाल भोपळा रोज ताजं शिजवायचो, आणि कोरडं खाणं अडीनडीला.

पट्टे: छातीचा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्यांना. का ते नवव्या पायरीत सांगते. गळपट्ट्यावर दोघांचे मोबाईल नंबर कोरलेला पितळी बिल्ला. आम्ही भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून करून घेतला.

गादी: नवीन घेऊ नका. घरातलीच जुनी, न धुतलेली.

६. मार्ग आखताना

दिवसाला दीडशे किलोमीटर, त्यापुढे नाही. एका ठिकाणी किमान दोन रात्री. सकाळी साडेसहाला निघायचं, अकराला थांबायचं. घाट उपाशीपोटी चढायचा आणि उतरायचा. म्हणजे कुत्र्याने उपाशी, माणसाने नव्हे. आंबोलीत मी ठकीला दया म्हणून एक बिस्किट दिलं. दाणोलीपर्यंत त्या एका बिस्किटाची पुरी किंमत मोजली, गादीसकट.

गोव्यात समुद्राकाठी गाडी लावून स्टोव्ह पेटवायचा मोह होतो. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाकाला तिथे बंदी आहे, २०२२ मध्ये तसा आदेशच निघाला, दंड होतो. गाडीत किंवा मुक्कामाच्या अंगणात शिजवा. वाळूत गाडी घालूच नका. भरती येते आणि क्रेनवाला त्याच वेळी दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

कर्नाटकात मरवंतेला महामार्ग ६६ च्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. तिथे सगळे रस्त्यातच थांबतात. तुम्ही थांबू नका. गाड्या जोरात येतात आणि कुत्रा उघड्या दारातून कुठे उडी मारेल सांगता येत नाही. पुढे जाऊन, गाडी लावून, पट्टा धरून मागे चालत या. आम्ही तसं केलं आणि ठकी तासभर लाटांवर भुंकली.

वायनाडहून म्हैसूरकडे जाताना बंदीपूरचं जंगल लागतं. सुलतान बत्तेरी-गुंडलुपेट रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. आम्ही सकाळी सातला मुत्तंगा नाका ओलांडला. जंगलात थांबायचं नाही, खिडकीच्या काचा वर, कुत्रीला आधीच फिरवून आणायचं. हत्ती रस्त्याच्या कडेला उभा होता. ठकी भुंकेल म्हणून मी तिच्या डोळ्यांवर पदर धरला, तर ती माझ्या मांडीत घोरत होती.

अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात सफारीला कुत्रा नेता येत नाही. हंपी-बदामीला तिकीट असलेल्या स्मारकांतही आम्हाला नेऊ दिलं नाही. शिवाय तिथे माकडं. बदामीच्या लेण्यांखाली गाडी लावली आणि एक माकड वायपर ओढायला लागलं; त्यापुढची पंधरा मिनिटं मी लिहीत नाही. गाडी गावात लांब लावा.

हंपीचे दगड डिसेंबरातही दुपारी तापतात. हाताची पाठ जमिनीवर सात सेकंद टेकवा. नाही टेकवत, तर कुत्र्याचे तळवेही टेकवू नका.

७. रात्रीचा मुक्काम

परदेशासारख्या गाडी लावायच्या जागा आपल्याकडे फार नाहीत. केरळने कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशाच गाड्यांसाठी, धोरण केलंय, वागमणला तसा पार्कही आहे, पण आमच्या वाटेवर तो नव्हता. आमची पद्धत अशी: घरगुती होमस्टेला आदल्या दिवशी फोन करायचा आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं, "खोली नको, अंगण हवंय, आणि आमच्याबरोबर कुत्री आहे." संडास-बाथरूम, पाणी आणि एक प्लग यांचे रात्रीला तीनशे ते पाचशे द्यायचो. बहुतेक ठिकाणी सकाळचा चहा त्यातच झाला.

दुसरा प्रश्न लगेच विचारा: "तुमच्याकडे कुत्रा आहे? कोंबड्या आहेत?" हा प्रश्न आम्ही मालवणनंतर विचारायला लागलो. कोंबडीचे सहाशे रुपये दिले.

अगदीच अडलं तर मोठा पेट्रोल पंप. डिझेल भरा, मॅनेजरला विचारा, ट्रकांपासून लांब पण उजेडात लावा. पंपावरची स्थानिक कुत्री आपल्याला नाही, आपल्या कुत्र्याला अडवतात, ती त्यांची हद्द असते. फिरवताना काठी हातात असू द्या, मारायला नाही, जमिनीवर आपटायला. आणि दार उघडण्याआधी खिडकीतून चारी बाजू बघा.

८. पाळीपाळीने

देऊळ, लेणी, खानावळ, बँक: एकजण आत, एकजण ठकीजवळ. उडुपीला ह्यांनी दर्शन घेतलं, मग मी. म्हैसूरचा राजवाडाही असाच दोन हप्त्यांत पाहिला. पाच मिनिटं म्हणून कुत्र्याला बंद गाडीत ठेवून दोघंही गेलात असं कधीही करू नका. काच बोटभर खाली असली तरी उन्हात गाडीची भट्टी होते. जीभ बाहेर, लाळ दाट, पाय लटपटत असतील तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, बर्फ नको, पंखा लावा, आणि थेट दवाखाना. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्याचा वेगळा थर्मामीटर जवळ असावा, आणि त्यावर मोठ्या अक्षरात त्याचं नाव.

९. सुटून गेली तर

फटाके नकोत म्हणून आम्ही दिवाळी संपल्यावर निघालो. एवढे हुशार. तुळशीचं लग्न आम्ही दोघंही विसरलो. मालवणजवळच्या एका वाडीत संध्याकाळी सगळ्या अंगणांत एकदम माळा लागल्या. ठकीने मान मागे खेचली आणि रिकामा गळपट्टा ह्यांच्या हातात राहिला.

वाडीतली पोरं बॅटऱ्या घेऊन धावली. चांगली पोरं, पण दहाजण हाका मारत मागे लागले की घाबरलेला कुत्रा आणखी लांब जातो. तासाभराने मी सगळ्यांना हात जोडून घरी पाठवलं. गाडीचं दार सताड उघडं ठेवलं, तिची गादी पायरीवर पसरली, आतला एक दिवा ठेवला आणि स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चमचा वाजवत बसले. घरी तिच्या जेवणाची हीच खूण, रोज दोन वेळा. टक टक, थांबायचं, टक टक. सव्वानऊला किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या होडीखालून काहीतरी हललं. मिशांना वाळू, शेपूट पोटात. आली आणि तिच्याच भीतीच्या त्या दारातून स्वतःहून आत गेली.

तर करायचं ते असं. निघण्याआधी जेवणाचा एकच आवाज ठरवा आणि तोच रोज वाजवा. सुटली तर पाठलाग नाही. गाडी हलवायची नाही, कारण तिचा माग तिथेच परत येतो. रात्री दोन वाजताही दार उघडं ठेवायचं. गावातल्या दुकानात फोटो आणि नंबर द्या. आणि पंचांग बघून मुक्काम ठरवा. तुळशीचं लग्न, त्रिपुरी पौर्णिमा, गावची जत्रा, लग्नाची वरात. फटाके वाजणारच असतील तर कुत्री गाडीत, काचा बंद, पंखा आणि रेडिओ चालू, आणि तुमच्यापैकी एक तिच्याजवळ जमिनीवर.

१०. गाडी बिघडली तर

रस्त्यावरच्या मदतीची गाडी येते, ती कॅम्पर नेते आणि माणसांना पुढे बसवते, कुत्र्याचं विचारा. रेल्वेने यायची वेळ आली तर कुत्र्याला फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे (दोघांची बंद खोली) किंवा केबिन (चौघांची) तुमच्याकडे असेल तरच सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. दत्तक कुत्र्याला त्या पेटीत घालायची माझी तयारी नाही, म्हणून आम्ही टॅक्सीचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवले होते. लागले नाहीत.

११. परत आल्यावर

पुढचे तीन आठवडे ठकीवर लक्ष. गोचिडीचा ताप उशिरा निघतो. खाणं टाकलं, हिरड्या फिक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर वाट न बघता रक्त तपासा.

पाण्याची टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवा. आम्ही आठ दिवस विसरलो, मग तो वास घालवायला तीन वेळा व्हिनेगरने धुवावी लागली.

आणि गाडी नुसती झाकून ठेवू नका. आठवड्यातून दोनदा तरी दार उघडून कुत्र्याला तिथेच एक वेळ जेवायला घाला. फेब्रुवारीत आमची गाडी महिनाभर बंद होती, तर ठकी पुन्हा पायरीशी अडली. मग पुन्हा ताटली बाहेर, पुन्हा दार वीतभर. ह्यांनी रुळात ग्रीस नव्याने भरलंय.